गोष्टीतलं इंजिन आणि खरे रूळ: रेल्वेवेडाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लहानपणी कुणीतरी इंजिनाची गोष्ट सांगितली आणि मग रेल्वे डोक्यातून गेलीच नाही, अशी माणसं जगभर आहेत. मी त्यांतलाच एक. खालचे प्रश्न मला नेहमी विचारले जातात. काही नव्याने वेड लागलेल्यांचे असतात, काही त्यांच्या वैतागलेल्या घरच्यांचे.

राक्षस, डायनासोर, चेटकीण यांच्याही गोष्टी आपण ऐकतो. मग रेल्वेचंच वेड का टिकतं?

राक्षस भेटत नाही, इंजिन भेटतं. गोष्ट संपली तरी ते फलाटावर येऊन उभं राहतं, आणि गोष्टीत न सांगितलेलं बरंच काही त्याच्यापाशी असतं. चाकांना जोडणारा तो लांब दांडा कशासाठी? ड्रायव्हर खाली उतरून काय तपासतोय? मागे उभा असलेला गार्ड हिरवा बावटा नेमका कुणाला दाखवतोय? एकाचं उत्तर मिळालं की दुसरा प्रश्न तयार.

माझं एक मत आहे, पटलं नाही तर सोडून द्या. इंजिनाच्या सगळ्याच गोष्टींनी वेड लागत नाही. इंजिनाला पंख फुटतात आणि ते ढगांत उडतं, ही गोष्ट मूल आठवड्यात विसरतं. पण इंजिन कितीही चिडलं तरी रूळ सोडून जाऊ शकत नाही, सिग्नल मिळाल्याशिवाय हलू शकत नाही, पाणी संपलं की जागच्या जागी बसतं, ही गोष्ट डोक्यात घर करते. स्वभाव माणसाचे आणि नियम लोखंडाचे असले की मूल नकळत रेल्वेचं कामकाजच शिकत असतं. पुढे तोंड, डोळे, नावं गळून पडतात. नियम राहतात, आणि ते खऱ्या रुळांवर जसेच्या तसे सापडतात.

इंजिनं बोलतात ही कल्पना आली कुठून?

कानांतून. विल्बर्ट ऑड्री हे इंग्लंडमधले पाद्री. लहानपणी ते बॉक्स नावाच्या गावात, ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या मार्गाजवळ राहत. तिथून बॉक्स बोगद्याकडे चढ लागतो, शंभर फुटांना एक फूट. ऐकायला कमी वाटतो, पण जड मालगाडीला तो जीवघेणा होता. रात्री पुढचं इंजिन धापा टाकायचं आणि मागून ढकलणारं इंजिन आपल्या आवाजात त्याला उत्तर द्यायचं. अंथरुणात पडल्या पडल्या विल्बर्टला वाटे, एक म्हणतंय ‘जमत नाही’ आणि दुसरं म्हणतंय ‘जमेल’.

पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांच्या मुलाला, ख्रिस्तोफरला, गोवर आला. त्याचं मन रमवायला वडिलांनी इंजिनांच्या गोष्टी सांगायला सुरुवात केली. मुलगा तीच गोष्ट पुन्हा मागायचा आणि तपशील बदलला की लगेच पकडायचा, म्हणून गोष्टी कागदावर उतरल्या. पहिलं पुस्तक १९४५ मध्ये निघालं, थॉमस हे त्यांचं सगळ्यात गाजलेलं इंजिन १९४६ मध्ये आलं, आणि १९७२ पर्यंत ऑड्रींची २६ पुस्तकं झाली.

या कल्पनेत यंत्राचाही हात आहे. वाफेच्या साध्या इंजिनाला दोन सिलिंडर असतात. प्रत्येकात वाफ दट्ट्याला आधी एका बाजूने ढकलते, मग दुसऱ्या. काम झालेली वाफ प्रत्येक वेळी धुराड्यातून जोराने बाहेर पडते, म्हणून मोठं चाक एकदा फिरलं की चार हुंकार ऐकू येतात. सपाटीवर ते एकमेकांत मिसळून जातात. चढावर चाक सावकाश फिरतं, हुंकार सुटे आणि जड होतात, आणि चार सुटे हुंकार कानाला एखाद्या वाक्यासारखे लागतात. शिवाय बाहेर झेपावणारी ही वाफ धुराड्यात ओढ निर्माण करते, त्या ओढीने आगीला हवा मिळते. इंजिन जितकं राबेल तितकी त्याची आग फुलते. हे कुठल्या लेखकाने रचलेलं नाही, पण लेखकाला याहून चांगलं सुचलंही नसतं.

गोष्टींतले अपघात खरंच होतात का? इंजिन खड्ड्यात गडप होणं, भिंत फोडून बाहेर येणं वगैरे?

दोन्ही झालेलं आहे.

२२ सप्टेंबर १८९२ ला इंग्लंडच्या वायव्येकडे लिंडल इथे फर्नेस रेल्वेचं ११५ क्रमांकाचं इंजिन शंटिंग, म्हणजे डबे इकडून तिकडे हलवण्याचं काम, करत होतं. खाली लोखंडाच्या जुन्या खाणी होत्या. जमीन खचायला लागली, इंजिनावरच्या माणसांनी उड्या टाकल्या आणि इंजिन धुराड्याच्या बाजूने आत जाऊ लागलं. मागचा टेंडर, म्हणजे कोळसा-पाण्याचा डबा, लोकांनी ओढून काढला. इंजिन काढायच्या आधीच खड्डा आणखी खचला आणि ते दिसेनासं झालं. ते आजही तिथेच जमिनीखाली आहे.

२२ ऑक्टोबर १८९५ ला पॅरिसच्या मोंपार्नास स्थानकात ग्रानव्हिलहून आलेली गाडी वेळेत थांबली नाही. रूळ संपले तिथला अडथळा तोडून, स्थानकाचा सज्जा ओलांडून, दर्शनी भिंत फोडून इंजिन खालच्या चौकात नाकावर आपटलं. भिंतीला टेकून उभं असलेलं ते इंजिन तुम्ही फोटोत नक्की पाहिलं असेल. फोटो गमतीदार दिसतो, पण खाली वर्तमानपत्रं विकणारी एक बाई त्यात दगावली.

ऑड्रींचा आग्रह होता की आपल्या प्रत्येक प्रसंगाला रेल्वेतला खरा आधार हवा. निवृत्त रेल्वेवाले त्यांची पुस्तकं आवडीने वाचतात ते बहुधा याच कारणाने.

झुकझुक आणि खडखड हे एकाच आवाजाचे दोन प्रकार का?

नाही. झुकझुक इंजिनाची, वर सांगितलेल्या हुंकारांची. खडखड रुळांची.

लोखंड तापलं की वाढतं, म्हणून पूर्वी रुळांच्या दोन तुकड्यांत थोडी फट ठेवून ते पट्ट्यांनी जोडत. चाक त्या फटीवरून गेलं की ‘टक’. डब्याच्या एका टोकाला चार चाकांचं गाडं, दुसऱ्या टोकाला दुसरं गाडं, म्हणून ‘टक-टक’, जरा थांबून पुन्हा ‘टक-टक’. आता बहुतेक मुख्य मार्गांवर रूळ वितळवून जोडून (वेल्डिंग करून) सलग केलेले असतात आणि तो ताल ऐकू येत नाही. प्रवास सुखाचा झाला हे मान्य, तरी मला तो ताल हवा होता.

जिथे जोड शिल्लक आहेत तिथे एक खेळ खेळता येतो. रुळाच्या एका तुकड्याची लांबी मीटरमध्ये घ्या आणि तिला ३.६ ने गुणा. जो आकडा येईल तितक्या सेकंदांत जेवढे जोड मोजाल, तेवढा गाडीचा ताशी वेग किलोमीटरमध्ये. तुकडा १३ मीटरचा असेल तर ४७ सेकंद, १८.३ मीटरचा असेल तर ६६ सेकंद. गाडं एका जोडावरून जाताना दोन ‘टक’ होतात, ते एकच जोड म्हणून मोजायचे. लांबच्या प्रवासात कंटाळलेल्या मुलांना याच्याइतकं गुंतवून ठेवणारं दुसरं काही मला माहीत नाही.

गाडी जवळ येताना शिट्टी बारीक आणि दूर जाताना जाड का ऐकू येते?

जवळ येणाऱ्या गाडीच्या आवाजाच्या लाटा दाटीने येऊन पोचतात, दूर जाणाऱ्या गाडीच्या विरळ होतात. याला डॉप्लर परिणाम म्हणतात. याची पडताळणीसुद्धा रेल्वेवरच झाली. १८४५ मध्ये बाईस बॅलॉट या डच शास्त्रज्ञाने उट्रेख्टजवळ गाडीवर कर्णेवाले बसवले आणि रुळांच्या कडेला तयार कानाचे वादक उभे केले. गाडी जवळ येताना आणि दूर जाताना स्वर किती बदलला ते त्यांनी कानाने सांगितलं.

चाकं रुळांवरून घसरत कशी नाहीत?

बहुतेक लोक म्हणतात, ‘चाकाला आतून कडा असते म्हणून.’ कडा असते खरी, पण ती शेवटचा आधार. खरी करामत चाकाच्या आकारात आहे. चाक सपाट नसून किंचित निमुळतं असतं, आतल्या बाजूला मोठं, बाहेरच्या बाजूला लहान, आणि जोडीतली दोन्ही चाकं एकाच आसाला पक्की बसवलेली असतात. वळणावर जोडी बाहेरच्या बाजूला सरकते. मग बाहेरचं चाक आपल्या मोठ्या घेरावर चालतं, आतलं लहान घेरावर, आणि एका फेरीत बाहेरचं चाक जास्त अंतर तोडतं. जोडी आपोआप वळते. कागदाचे दोन पेले तोंडाला तोंड लावून चिकटवा आणि दोन समांतर काठ्यांवरून सोडा, लगेच दिसेल.

पुढे-मागे घसरणं हा निराळा प्रश्न. पोलादावर पोलादाची पकड मुळातच कमी. म्हणून तर थोड्या ताकदीत एवढं वजन ओढता येतं, आणि म्हणूनच ओल्या चढावर चाकं जागच्या जागी गरगर फिरतात. उपाय जुना आहे: चाकासमोर वाळू टाकायची. गोष्टीतलं इंजिन वाळू मागतं ते काही लाड नव्हेत. १८८१ मध्ये सुरू झालेल्या दार्जिलिंगच्या ६१० मिलिमीटर रुंदीच्या मार्गावर तर वाफेच्या इंजिनाच्या पुढ्यात माणसं बसून हाताने रुळांवर वाळू टाकत.

वाळूनेही भागत नाही तिथे दोन रुळांच्या मधे दातेरी पट्टी घालतात आणि इंजिनाचं दातेरी चाक तिच्यात अडकवतात. निलगिरीची गाडी साधारण बाराला एक चढ अशी चढते. स्वित्झर्लंडच्या पिलाटस डोंगरावर १८८९ पासून ४८ टक्क्यांचा चढ गाडी चढते आहे, तिथे डबा पायऱ्यापायऱ्यांचा केलाय.

डोंगरात गाडी गोल गोल फिरते हे खरं की चित्रातलं?

खरं. सरळ चढता येत नसेल तर वाट लांबवायची, हाच उपाय. स्वित्झर्लंडमधल्या १८८२ च्या गॉटहार्ड मार्गावर वासेन गावाजवळ गाडी डोंगराच्या पोटात वळसे घेत वर जाते. गावचं चर्च खिडकीतून तीनदा दिसतं, आधी वर, मग समोर, मग खाली. मुलांना आधी नकाशा दाखवा आणि मग त्या प्रवासाचं चित्रीकरण. उलट क्रमाने दाखवलंत तर निम्मी मजा जाते.

गोष्टीत इंजिनं रुसून थांबतात. खऱ्या गाड्या रानात मधेच का थांबतात?

पुढे दुसरी गाडी आहे म्हणून. मार्गाचे तुकडे पाडलेले असतात आणि एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी, हा रेल्वेचा कणा. एकेरी मार्गावर तर ड्रायव्हरच्या हातात त्या तुकड्याचं टोकन, म्हणजे आत शिरायच्या परवानगीची खूण, असल्याशिवाय गाडी हलत नसे. टोकन एकच, त्यामुळे समोरून दुसरी गाडी येणं अशक्य.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. सुरुवातीला बऱ्याच ठिकाणी पहिली गाडी गेल्यावर ठरावीक मिनिटांनी दुसरी सोडत. पहिली पुढे कुठे अडकली आहे की नाही ते कुणाला कळायची सोय नव्हती. जून १८८९ मध्ये आयर्लंडमधल्या आर्माजवळ सहलीची गाडी चढावर अडली. ती दोन भागांत तोडली, मागचे डबे उतारावरून घरंगळले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. डब्यांत सहलीला निघालेली मुलं होती. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने प्रवासी मार्गांवर तुकड्यांची पद्धत, सिग्नल आणि सांधे (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारी जागा) एकमेकांच्या विरुद्ध जाऊ नयेत अशी त्यांची आपापसांत बांधणी, आणि सगळ्या डब्यांना लागणारे ब्रेक सक्तीचे केले.

म्हणून गाडी थांबली की मी वैतागत नाही. माझ्या सोबत्यांना मात्र माझ्या न वैतागण्याचाच वैताग येतो.

डिझेल इंजिन नेहमी खलनायक का?

लिहिणारे वाफेच्या बाजूचे होते, आणि वाफ हरत होती. ब्रिटनमध्ये १९५५ मध्ये रेल्वेच्या आधुनिकीकरणाची योजना आली. १९६० मध्ये ब्रिटिश रेल्वेने आपलं शेवटचं वाफेचं इंजिन बांधलं आणि १९६५ मध्ये ते सेवेतून काढलंसुद्धा. पाच वर्षं! ऑगस्ट १९६८ मध्ये तिथल्या मुख्य मार्गांवरची नेहमीची वाफ संपली. अशा काळात लिहिलेल्या गोष्टींत गुळगुळीत बोलणारं डिझेल इंजिन कपटी निघालं नसतं तरच नवल.

पण न्यायाने बोलायचं तर वाफेच्या इंजिनात कोळशाच्या उष्णतेतला दहावा हिस्साही ओढण्याच्या कामी येत नसे. थंड इंजिन पेटवून तयार व्हायला काही तास लागत, राख काढा, बॉयलर धुवा, ते वेगळंच. डिझेल इंजिन बटणावर सुरू होतं. त्यातली बहुतेक मोठी इंजिनं खरं तर चालती वीजघरं आहेत: डिझेलवर जनित्र फिरतं आणि चाकं विजेच्या मोटारी फिरवतात. हे कळल्यावर माझा डिझेलवरचा राग बराच निवळला.

टाकीवालं इंजिन आणि मागे डबा असलेलं इंजिन, फरक काय?

टाकीवालं कोळसा-पाणी स्वतःच्याच अंगावर नेतं. साठा कमी, पण दोन्ही दिशांना सारख्याच सोयीने धावतं, म्हणून शंटिंग आणि जवळच्या फेऱ्यांना बरं. लांब पल्ल्याला साठा जास्त लागतो, तिथे मागे टेंडर जोडतात. ४-६-२ असे आकडे दिसले तर पुढची छोटी चाकं, मधली ओढणारी मोठी चाकं आणि मागची छोटी चाकं, असा क्रम समजा. थॉमस ०-६-० आहे.

रेल्वेवेडे नेमकं करतात तरी काय?

जपानमध्ये याचे पंथच आहेत. नुसते प्रवास करणारे, फोटो काढणारे, आवाज ध्वनिमुद्रित करणारे, वेळापत्रकं वाचत बसणारे, सगळ्यांना वेगवेगळी नावं. संगीतकार ड्वोर्झाक प्रागच्या स्थानकावर इंजिनं बघायला जात. ब्रिटनमध्ये १९४२ मध्ये सदर्न रेल्वेतले तरुण कारकून इयन ॲलन इंजिनांची माहिती विचारणाऱ्या पत्रांना उत्तरं देऊन कंटाळले आणि त्यांनी सगळ्या इंजिनांचे क्रमांक एका छोट्या पुस्तिकेत छापले. मुलांच्या पिढ्याच्या पिढ्या त्या क्रमांकांखाली रेघा मारत मोठ्या झाल्या. म्हणजे या छंदाचा एक मोठा प्रवाह मुळात वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांतूनच निघाला.

काही जण आणखी पुढे जातात. वेल्समधली टॅलिलिन ही खाणीतला पाटीचा दगड वाहणारी छोटी रेल्वे बंद पडायच्या बेतात होती, तेव्हा हौशी लोकांनी संस्था काढली आणि मे १९५१ पासून ती स्वतः चालवायला घेतली. स्वयंसेवकांनी वाचवून चालवलेली ही जगातली पहिली रेल्वे. पुढच्याच वर्षी ऑड्री तिथे गार्डचं काम करायला गेले, आणि त्या रेल्वेवरचे प्रसंग त्यांच्या पुस्तकांत उतरले.

वाफेची इंजिनं आज कुठे धावताना दिसतात?

टॅलिलिनवर अजूनही. दार्जिलिंगला आणि निलगिरीत. अमेरिकेत युनियन पॅसिफिकचं १९४१ चं ‘बिग बॉय’ ४०१४ हे अवाढव्य इंजिन २०१९ मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा मुख्य मार्गावर आलं. ३ जुलै १९३८ ला ताशी सुमारे २०३ किलोमीटर धावून वाफेचा विक्रम करणारं ‘मॅलर्ड’ मात्र धावत नाही. ते इंग्लंडमधल्या यॉर्कच्या रेल्वे संग्रहालयात उभं आहे.

घरात मुलाला किंवा मुलीला हे वेड लागलंय. आम्ही काय करावं?

खेळण्यांचा ढीग आणू नका. उत्तरं द्या, आणि येत नसतील तर दोघं मिळून शोधा. जुनं वेळापत्रक आणि नकाशा दिलात तर मूल तासन्‌तास प्रवास आखत बसतं. मॉडेल रेल्वे घ्यायची झाली तर आधी प्रमाण ठरवा, कारण वेगवेगळ्या प्रमाणांचे रूळ आणि डबे एकमेकांत मिसळत नाहीत. एचओ म्हणजे खऱ्याचा ८७ वा भाग, एन म्हणजे १६० वा. तेवीस मीटरचा डबा एचओमध्ये साधारण २६ सेंटिमीटर होतो, एनमध्ये १४. जागा कमी असेल तर एन बरं. पण अगदी लहान हातांना त्याहून मोठं लाकडी काहीतरी द्या.

‘हे मुलग्यांचंच वेड ना?’ असंही विचारतात. नाही.

मुलांना रुळांजवळ न्यावं का?

फलाटावर न्या, रुळांवर कधीच नाही. गोष्टीतल्या इंजिनाला डोळे असतात. ते तुम्हाला बघतं, किंचाळतं आणि वेळेवर थांबतं. वेगातल्या खऱ्या गाडीला थांबायला किलोमीटरभर किंवा त्याहून जास्त अंतर लागू शकतं. ड्रायव्हरला तुम्ही दिसलात तरी त्याच्या हातात ब्रेक आणि भोंग्यापलीकडे काही नसतं, गाडी बाजूला वळवणं तर नाहीच. विजेच्या मार्गांवर डोक्यावरच्या तारेत बहुधा २५,००० व्होल्ट असतात आणि धक्का बसायला तारेला हात लागायची गरज नसते, नुसतं जवळ जाणं पुरतं. उभ्या डब्याच्या टपावर चढून फोटो काढणारे असेच मरतात. गोष्टी सांगणाऱ्यांनी ही एक गोष्ट वेगळी, गंभीरपणे सांगायलाच हवी.

मला गोष्टी आवडायच्या, पण तांत्रिक काही कळत नाही. सुरुवात कुठून करू?

सगळं एकदम वाचायला घेऊ नका. एक स्थानक निवडा आणि फलाटाच्या टोकाजवळून, पिवळ्या रेघेच्या मागे उभं राहून, फक्त सिग्नल बघा. गाडी पुढे गेली की तो लाल होतो. गाडीने पुढचा तुकडा सोडला की पिवळा, आणखी पुढे गेली की काही ठिकाणी दोन पिवळे, मग हिरवा. प्रत्येक रंगाला किती वेळ लागला ते वहीत लिहा. आठ-दहा गाड्यांनंतर नुसत्या रंगावरून तुम्हाला सांगता येईल, गेलेली गाडी आत्ता साधारण कुठवर पोचली असेल.